पंचेचाळीस नंबरची जोडी

समई एकटी भाड्यानं जात नाही. तंजावूरकडे लग्नात मुहूर्ताच्या जागेच्या दोन बाजूंना दोन समया लागतात, एका उंचीच्या, एका घाटाच्या. एकच आणून ठेवली तर मुलीची आई ती आधी बाहेर न्यायला लावते, मग बाकीचं बोलते. म्हणून माझ्या धंद्यात एक समई हरवली की दोन गेल्या असंच धरावं लागतं. मागे उरलेली कुणाच्या कामाची नसते.

हा धंदा मी एकट्यानं उभा केला. दहावीनंतर शाळा सोडली आणि एका कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, भांडी मोजायला राहिलो. पहिली जोडी तिरुवैयारूच्या एका घरातून विकत घेतली. तिथे तीनदा गेलो आणि त्यातल्या दोन वेळा चपला घालून रस्त्यापर्यंत आलो, तेव्हा कुठे मी म्हटलेल्या किमतीला ती मिळाली. आज माझ्याकडे एकसष्ट जोड्या आहेत. प्रत्येक समईच्या बुडाला कासारानं ठोकलेला नंबर आहे, आणि जोडीतल्या दोघींचा नंबर एकच. बारा नंबरच्या दोन, तेहेतीस नंबरच्या दोन, असं एकसष्टपर्यंत.

माझा थोरला भाऊ, अण्णा, गणिताचा प्राध्यापक होता. आता निवृत्त झालाय आणि राजवाड्याजवळच्या आमच्या जुन्या गल्लीतच राहतो. वडिलांच्या तेराव्याला पंगतीत कुणीतरी माझ्या दुकानाबद्दल चांगलं बोललं, तेव्हा तो म्हणाला होता, "ह्याला भाव कळतात, आकडे कळत नाहीत." पंगत हसली. मीही हसलो. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली आणि मी ती एक दिवसही विसरलेलो नाही.

आडी महिन्यात आमच्याकडे लग्नं होत नाहीत. मंडप रिकामे असतात, आमच्या गोदामात सगळ्या समया परत आलेल्या असतात. आडीच्या पहिल्या दिवशी त्या बाहेर काढून जोड्या लावायच्या, ही दुकानाची रीत. ते काम अक्काचं. अक्का माझ्याकडे सतरा वर्षं समया घासते आहे, चिंच आणि विटेच्या भुकटीनं. वयानं माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणतो. ती मला मुदलाळी म्हणते, म्हणजे मालक. ती अंगणात मोठी चटई अंथरायची, एकेक समई उलटी करून नंबर बघायची आणि जोडी जोडीनं उभी करत जायची. सगळा दिवस जायचा. शेवटी ज्या समईशेजारी जागा रिकामी राही, ती उघड दिसे. मग कुठल्या मंडपात राहिली ते शोधायला मी टेम्पो पाठवायचो.

मला तो दिवस फुकट जातो असं वाटे. समया उलट्यासुलट्या करताना वातीच्या पाळ्यांना पोचे पडत, तेही खुपे.

गेल्या वर्षी चेन्नईहून एक बाई समया ठरवायला आल्या. नवऱ्या मुलाची बहीण, कंप्यूटरचं काम करणाऱ्या. भाडं कमी करा म्हणून त्या हटून बसल्या. मी म्हणालो, कमी करतो, पण माझ्या लॅपटॉपवर अशी काहीतरी युक्ती करून द्या की जोड्या न लावता एकटी राहिलेली समई कळली पाहिजे. त्यांनी थोडा विचार केला आणि दहा मिनिटांत होईल म्हणाल्या. मी म्हटलं, दहाच मिनिटं, पुढे माझं गिऱ्हाईक आहे. वेळेचाही भाव करायची मला सवय आहे.

युक्ती अशी. स्प्रेडशीटच्या पहिल्या रकान्यात समयांचे नंबर लिहीत जायचं, ज्या क्रमानं हाताला लागतील त्या क्रमानं. दुसऱ्या रकान्यात बिटएक्सऑर नावाचं फंक्शन. ते एका वेळी दोनच आकडे घेतं, म्हणून प्रत्येक ओळीत वरच्या ओळीचं उत्तर आणि ह्या ओळीचा नंबर असे दोन आकडे त्याला द्यायचे आणि सूत्र शेवटपर्यंत खाली ओढायचं. एखादा नंबर पहिल्यांदा आला की तो हिशेबात शिरतो, दुसऱ्यांदा आला की स्वतःलाच पुसून टाकतो. मधे पन्नास समया आल्या तरी फरक पडत नाही. सगळ्या जोड्या पूर्ण असतील तर शेवटच्या ओळीत शून्य. एक समई एकटी असेल तर तिथे तिचाच नंबर. एखादी पूर्ण जोडी कासाराकडे गेलेली असली तरी बिघडत नाही, कारण जी जोडी नाही ती ह्या हिशेबाला दिसतच नाही. एकूण समया किती, हे माहीत असण्याची गरज नाही.

मला हे फार आवडलं. मी लॅपटॉप घेऊन अण्णाकडे गेलो, दाखवायलाच गेलो. पन्नासेक नंबर भरले, एक सत्तावीस मुद्दाम गाळला, आणि खाली सत्तावीस आलं. अण्णानं चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितलं. "चांगलं आहे," तो म्हणाला. मी लॅपटॉप मिटला आणि उठलो. त्यानंतर तो "एकच हरवली असेल तर" असं म्हणाला, हे त्याचं म्हणणं. वहिनी म्हणते तिनंही ऐकलं. ती त्याची बायको आहे. मला ऐकू आलं नाही, आणि सांगायचंच असतं तर दारापर्यंत येऊन सांगता आलं असतं.

ह्या वर्षी आडीच्या पहिल्या दिवशी चटई निघाली नाही. समया गोणपाटांतच राहिल्या. टेम्पोचा ड्रायव्हर एकेक बूड वर करून नंबर सांगत गेला आणि मी भरत गेलो. दीड तासात काम झालं. अक्का मागच्या बाजूला तिचं घासणं करत होती. मी सूत्र खाली ओढलं. शेवटच्या ओळीत पंचेचाळीस आलं.

पंचेचाळीसची जोडी आधीच्याच महिन्यात अक्कानं नेली होती. तिच्या मुलीचं लग्न पापनाशमला झालं, तेव्हा मी ती बिनभाड्याची दिली होती. लग्नानंतर दोन दिवसांनी तिनं ती बसमधून स्वतः परत आणली होती, गोणपाटात बांधून. मी गाठ सोडून बघितलं नव्हतं.

त्याच वेळी पापनाशम रस्त्यावरच्या एका मंडपाचा मॅनेजर आडीनंतरच्या आवणी महिन्यातल्या तारखा ठरवायला आला होता. तो खुर्चीत बसला होता, ड्रायव्हर दाराशी होता. मी अक्काला हाक मारली. ती चिंचेचे हात तसेच घेऊन आली. मी विचारलं, पंचेचाळीसमधली एक कुठाय. ती म्हणाली, दोन्ही आणून दिल्या. मी म्हणालो एकच आली आहे. ती म्हणाली, दोन्ही.

माझा राग मला ठाऊक आहे. तो आवाजातून येत नाही, शब्द निवडून येतो. मी म्हणालो, "मुलीच्या सासरी ठेवली असशील तर तसं सांग. की हुंड्यात कमी पडली म्हणून दिलीस?"

मॅनेजर खाली बघू लागला. अक्कानं हात पदराला पुसले, जे ती कधी करत नाही.

"चटई टाका आणि जोड्या लावून बघा, मुदलाळी."

"लावून बघायची गरज नाही. इथे लिहिलंय."

तिनं लॅपटॉपकडे बघितलं नाही. मागे जाऊन तिनं डबा उचलला आणि निघून गेली. मॅनेजरशी मी तारखा ठरवल्या आणि नेहमीपेक्षा चांगल्या भावात ठरवल्या, कारण त्याला तिथून लवकर उठून जायचं होतं.

दुपारी मी अण्णाकडे गेलो. माणसं सतरा वर्षांनीसुद्धा कशी निघतात, हे सांगायला गेलो असेन, आणि युक्ती कामाला आली हेही. त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं.

"ओळी किती होत्या?"

मी लॅपटॉप उघडला. एकशे अठरा; एक पूर्ण जोडी कासाराकडे होती.

"एकच समई हरवली तर उरलेल्या सम कशा?"

त्यानं वहिनीकडून सहा पेले मागवले आणि पाटावर पालथे मांडले, आणि पुढची दहा मिनिटं मला ज्या स्वरात समजावलं तो स्वर मी लहानपणापासून ओळखतो. एक समई हरवली तर उत्तर तिचा नंबर. पण दोन वेगवेगळ्या जोड्यांतली एकेक हरवली तर उत्तर एक तिसराच आकडा, आणि तो आकडा कुठल्यातरी निर्दोष जोडीवर ठोकलेला असू शकतो.

"हे तुला तेव्हाच दिसलं होतं," मी म्हणालो.

"मी म्हणालो होतो."

"मला ऐकू येईल असं?"

"तू थांबलास?"

मी पेले तसेच सोडून उठलो. त्याच्याकडे मी त्यानंतर गेलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरला घेऊन मी चटई टाकली. अक्काला दिवस लागे, आम्हाला दीड लागला. पंचेचाळीसच्या दोन्ही समया शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. बारामधली एक एकटी राहिली आणि तेहेतीसमधली एक. दोन्ही एका उंचीच्या आहेत, शेंड्यावरचा हंसही सारखाच. हे कळल्यावर पुढचं सोपं होतं, ह्या दोन्ही जोड्या एकत्र गेलेला मंडप वहीत एकच होता. त्या दिवशी आलेल्या त्याच मॅनेजरच्या मंडपात, कोठीच्या कोपऱ्यात, एक बारा आणि एक तेहेतीस कापडात गुंडाळून ठेवलेल्या सापडल्या. तिथल्या माणसांनी उंची मापून जोडी लावली होती आणि एक जोडी चुकून मागे राहिली होती. मॅनेजर म्हणाला, "जोडीच आहे की, सार. मला कुठे बूड बघायचं माहीत?" ह्यावर मला बोलता आलं असतं. बोललो नाही.

अक्का मुलीकडे गेल्याचं तिच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. मी पापनाशमची बस धरली. रस्ताभर मी सौद्याची तयारी करत होतो. आधी पगार थोडा वाढवायचा, नाही ऐकलं तर आडीतली पगारी रजा, आणि शेवटी, अगदीच अडली तर, चूक झाली म्हणायचं. शेवटची गोष्ट शक्यतो हातात राखून ठेवायची, असं ठरवलं होतं.

घर रेल्वे फाटकाजवळ होतं. ओटीवर अक्का बसली होती, तिच्या शेजारी विहीण, आणि दारात अक्काची मुलगी उभी. मी पगाराचं काढणार तोच अक्का म्हणाली की आधी बसा आणि काय झालंय ते ऐका. तो मॅनेजर मूळचा पापनाशमचाच. त्याच्या नात्यातली एक बाई ह्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. मी जे दुकानात बोललो ते माझ्या आधी चार दिवस इथे पोचलं होतं. विहिणीनं नव्या सुनेला तिची पेटी उघडून दाखवायला लावली होती, साड्या एकेक बाहेर काढून. पेटीत काही निघालं नाही. पण काही निघालं नाही म्हणजे विकली असेल, असं भिंतीपलीकडून म्हणणं आलं.

"तुम्ही माझ्याशी काय बोलायचं ते नंतर," अक्का म्हणाली. "इथं, हिच्यासमोर, जे झालं ते सांगा."

पोरगी मान वर करत नव्हती. महिना झाला होता लग्नाला. मी बस आणि सौदा विसरलो आणि सांगितलं, की समई हरवली नव्हती, पंचेचाळीसच्या दोन्ही गोदामात आहेत, चूक माझी.

विहीण साठीच्या पुढची, कोरडी बाई होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, कामाला माणूस परत हवं असलं की मालक असंच म्हणतात. मी म्हणालो, यंत्रानं चुकीचा नंबर दाखवला. ती म्हणाली, "यंत्र काय पापनाशमला आलं होतं लग्नाला? एवढ्या नंबरांत ह्यांचाच बरा सापडला त्याला."

मग दुसरा उपाय नव्हता. मी सहा पेले मागितले. मुलीनं आणून दिले. ते मी ओटीवर ओळीनं पालथे मांडले आणि दारातल्या कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठानं प्रत्येकापुढे आकडा लिहिला, बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. म्हटलं, यंत्राजवळ असे सहा पेले आहेत. बारा नंबरची समई आली की ते आठ आणि चारचे पेले उलटवतं, कारण आठ आणि चार बारा. तीच पुन्हा आली की तेच पेले पुन्हा उलटवतं, म्हणजे होते तसे. जोडी पूर्ण आली की काही झालंच नाही असं होतं. विहिणीनं मान हलवली. आता बाराची एकच आली. मी आठ आणि चार सरळ केले. तेहेतीसचीही एकच आली. बत्तीस आणि एक सरळ केले.

"सरळ पेल्यांची बेरीज करा," मी म्हणालो.

तिनं बोटावर केली. बत्तीस, आठ, चार, एक. पुन्हा केली.

"पंचेचाळीस," दारातून मुलगी म्हणाली.

विहिणीनं सगळे पेले पालथे केले आणि पंचेचाळीसचे चार स्वतः सरळ केले, मग पुन्हा पालथे. दोन्ही आल्या तर हे असं, ती म्हणाली. मी हो म्हणालो. मग तिनं तेच चार परत सरळ केले आणि माझ्याकडे बघितलं.

"आणि खरोखर हिच्या आईकडून एकच आली असती, तरी हेच दिसलं असतं."

"हेच दिसलं असतं."

"मग तुमच्या पेल्यांनी काय सिद्ध झालं?"

तंजावूरच्या बाजारात माझ्याशी इतकं नेमकं कुणी भांडलेलं नाही. मी तिला सांगितलं की एकूण समया एकशे अठरा निघाल्या. सगळ्या जोड्या असत्या तर सम आकडा आला असता. एकच हरवली असती तर विषम. सम आला आणि खाली शून्य नाही, म्हणजे किमान दोन वेगळ्या जोड्या तुटल्या. दोन तुटलेल्या मला सापडल्या, बारा आणि तेहेतीस. पंचेचाळीसही तुटली असती तर तीन एकट्या झाल्या असत्या, आणि तीन गेल्यावर एकशे अठरा उरत नाहीत.

तिनं सरळ पेले एकेक करून पालथे केले. मग म्हणाली, "हे त्या दिवशी मोजलं नाहीत?"

"नाही."

"मोजणं हाच तुमचा धंदा ना?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. मी पेल्यांकडे बघत बसलो. ती उठली, ओटीच्या कडेला गेली आणि भिंतीपलीकडे हाक मारली. मॅनेजरच्या नात्यातली बाई आली. विहीण मला म्हणाली, "पुन्हा सांगा. सुरुवातीपासून." मी सांगितलं. बाईला सम-विषम लगेच कळलं, पेले कळायला वेळ लागला. मधेच सासरा शेतावरून आला, पाय धुऊन ओटीच्या टोकाला बसला आणि म्हणाला काय चाललंय. तिसऱ्यांदा सांगायला मी तोंड उघडलं तेव्हा मुलगी खाली बसली आणि पेले तिनं आपल्याकडे ओढले. बाराचे दोन, तेहेतीसचे दोन. माझ्याहून सावकाश, प्रत्येक पेल्यावर आकडा म्हणत, सासऱ्याला वाचता येत नाही हे धरून. शेवटी तिनं एकशे अठराचं सांगितलं आणि थांबली. सासरा म्हणाला, "मग पेटी कशाला उघडली?" विहीण म्हणाली पेले उचल आणि कॉफी ठेव, दूध कमी असेल तर शेजारून आण.

अक्का मला फाटकापर्यंत सोडायला आली. मी पगाराचं काढलं. ती म्हणाली तो वाढवाच, आणि मी म्हटलेल्या आकड्यावर आणखी चढवून मागितला. मी मधला म्हटला. ती गप्प राहिली, आणि मी तिचा कबूल केला. जोड्या चटईवर लागतील, हेही तिनं कबूल करून घेतलं. शीट तुम्हाला ठेवायची तर ठेवा, म्हणाली.

मी म्हणालो, मग चल, ह्याच बसनं जाऊ.

"आवणीत येते," ती म्हणाली. "अजून पुष्कळ जण विचारायला यायचेत. त्यांनी विचारलं की पोरगी उत्तर देईल. तोवर मी ओटीवर बसलेली दिसले पाहिजे."

बस आली. मी खिडकीशी बसलो तेव्हा ती फाटक ओलांडून परत निघालेली होती.